ईयोबाची मधली पानं

सोजराबाईंनी बायबल कधी सलग वाचलं नाही. डोळे मिटायचे, पान उघडायचं, बोट ठेवायचं. बोटाखाली येईल तो देवाचा आजचा निरोप. एकदा बोट निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, पडद्यांच्या मापावर पडलं, तर बाईंनी दौंडच्या त्या दोन खोल्यांतले सगळे पडदे धुवायला काढले.

मोतीबिंदू वाढला तसं वाचायचं काम सुनेकडं आलं. अनुपमा शिरूरची, बौद्ध घरातली. तिचे वडील पोपट कुठलंही पुस्तक पहिल्या पानापासून धरत आणि विचारत जात: हे कोण बोललं, कुणाला बोललं, फायदा कुणाचा? लेकीला तीच खोड.

चार महिन्यांमागं रोहनला कुरकुंभच्या रस्त्यावर टँकरनं उडवलं. सासूचा एकुलता पोरगा, सुनेचा नवरा. तेव्हापासून चर्चचे पाळक दर बुधवारी यायचे आणि बायबलातल्या ईयोबाच्या गोष्टीचा फक्त शेवट वाचायचे. लेकरं मेली, गुरं गेली, तरी माणूस टिकला, देवानं सगळं दुप्पट दिलं. "कुरकुर नको, बाई. कुरकुर म्हणजे अविश्वास." सांत्वनाच्या नावाखाली तोंड दाबायची ही तऱ्हा सगळ्याच धर्मांत सापडते. बाईंनी तोंड शिवून घेतलं. रडल्या नाहीत. जेवणही सुटलं.

एका मंगळवारी अनुपमानं ईयोब पहिल्यापासून काढला.

"शेवट वाच की. मधलं कशाला?"

"आई, एवढी पानं लिवली ती काय रद्दीत घालायला?"

ती वाचत गेली. ईयोबानं आपल्या जन्माच्या दिवसाला शिव्याशाप दिले, देवाला जाब विचारला.

"ह्ये ईयोब बोलतोय? देवाला?"

"तोंडावर."

"मंग देवानं हाणला आसंल त्याला."

"न्हाई. शेवटी देव म्हणतो, ईयोबच बरोबर बोलला. समजवायला आलेले दोस्त चुकले."

"आन् लेकरं? दुप्पट?"

"गुरं दुप्पट. लेकरं नवी झाली. गेलेली परत आली, असं कुठं न्हाई."

सोजराबाईंनी चाचपून ती मधली पानं बोटांत धरली. "ह्ये मला कुणी वाचून दावलंच न्हाई," म्हणाल्या.

बुधवारी पाळकांनी नेहमीचं पान उघडलं.

"आज मधलं वाचा, पाळक."

"दुखवट्याच्या घरात ते वाचत नाहीत, सोजराबाई."

"मंग कुठं वाचायचं, लग्नात?"

पाळक पानं चाळत राहिले.

"बरं, ऱ्हाऊ द्या. प्रार्थना करू," म्हणून बाईंनी मान खाली घातली. पाळकांनी डोळे मिटले. आमेन होईपर्यंत चालू प्रार्थना कुणी तोडत नाही, पाळकसुद्धा नाही.

"देवा, माझं पोरगं कामावरनं घरी येत हुतं. दारू न्हाई, घाई न्हाई. तू बघत हुतास ना? मंग? मला नवं काय नको. मला त्योच पायजे हुता. तुझा लई राग आलाय मला, आन् तू त्यो ऐकून घे."

मग हुंदका फुटला. अनुपमा सरकून जवळ बसली, सासूचा हात तिनं मांडीवर घेतला. पाळक एकदा खाकरले.

बाईंनी आमेन म्हणायची घाई केली नाही.