चक्कीपासून घरापर्यंत

राळेगावात कय्युममियांचं सायकल दुरुस्तीचं दुकान रविवारी उशिरा उघडायचं. आधी धाकट्या लेकीला, हुस्नाला घेऊन दळणासाठी चक्कीवर जायचं, हा त्यांचा तीन वर्षांचा नेम. बावीस वर्षांची हुस्ना मोजकं बोले, कुणाच्या नजरेला नजर देत नसे. पण एकदा अंगवळणी पडलेलं काम तसंच्या तसं करी. त्या रविवारी थोरली जमिलाही सोबत निघाली. ती यवतमाळला मुलींच्या शाळेत शिकवायची. चालताना मात्र नेहमीसारखी दहा पावलं मागं.

"काहून, बाईसाहेब, चप्पल चावते का?" अब्बांनी वळून विचारलं.

"तुम्ही चला ना."

परतताना दमेकरी अब्बा नाल्याच्या पुलावर टेकले. छातीवर हात ठेवला, रुमालानं कपाळ पुसलं. हुस्नाला त्यांनी वाट उलटी शिकवली होती. आधी दाराजवळच्या कडुलिंबापासून एकटीनं घर गाठायचं. ते जमलं की मशिदीपासून, मग या पुलापासून.

"शाळेत पयल्या धड्यापासून शिकवतात, अब्बा."

"शाळेत कोनी हरवत नाही. हिचं घर आधी पक्कं पाह्यजे. आता चक्कीच राह्यली. पुढच्या रविवारी तिथून सोडतो."

"त्यापेक्षा मी तिले यवतमाळले नेते. ती खोलीत आरामात राहील."

"खोलीत तिनं कायले बसावं?" अब्बा उठले. "चल बेटी."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठलेच नाहीत.

अब्बांच्या चाळिसाव्याला जमिला आली ती हुस्नाला न्यायचं ठरवूनच. तिची ट्रंकही भरून झाली.  रविवार उजाडला तेव्हा घरातच राहणाऱ्या फुफीनं, अब्बांच्या विधवा बहिणीनं, ज्वारीचा डबा जमिलापुढं ठेवला.

"चक्कीपर्यंत संगं जाय. येताना सोड तिले. तुया बाप तेच करनार होता."

चक्कीवाल्या रुपीबाईनं पिठाचा डबा हुस्नाच्या डोक्यावर चढवून दिला. "जाय पोरी. घर तिकडंच हाय."

हुस्ना निघाली. जमिला लांबून मागोमाग. पुलावर हुस्ना थांबली. विसरली वाट, जमिलाला वाटलं.

हुस्नानं डबा खाली ठेवला. कठड्यावर टेकली. छातीवर हात ठेवून तिनं मोठमोठ्यानं श्वास घेतले, ओढणीच्या टोकानं कोरडं कपाळ पुसलं. अब्बांचा दमा तिला वाटेचाच एक भाग वाटला होता.

"चल बेटी," ती स्वतःलाच म्हणाली. डबा घेतला, मशिदीवरून वळली आणि कडुलिंबाखालून घरात शिरली.

जमिला पुलावरच थांबून तिला पाहत होती. घरी गेल्यावर ट्रंक रिकामी करायची, हे तिनं तिथंच ठरवलं. हुस्ना बसली होती तिथंच ती बसली. शेजारचा दगड उन्हानं तापला होता.

"अब्बा," ती म्हणाली, "चप्पल चावत नव्हती. मले तिच्यासंगं चालायची लाज वाटे."