साय वेचणारी आत्याबाई

मित्रांनो, जुन्या माणसाला आपली ओळख करून द्यावी लागत नाही. चार सुरकुत्या पाहून लोक उठून जागा देतात. जुन्या यंत्राचे तसे नसते. ते कोपऱ्यात दिसले की लोक त्याच्यावर पिशवी ठेवतात. आत्ताही माझ्या डोक्यावर कुणाची तरी ओली छत्री आहे. तरी ऐका. मी रक्तातल्या पेशी वेगळ्या करून त्यांना उजेड दाखवणारे एक जुने यंत्र आहे. माझी तार आता भिंतीत नाही, पण आठवणींना वीज लागत नाही.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या कारखान्यात झाला. तिथे सगळ्यांच्या तोंडावर फडकी असत, त्यामुळे कुणी फारसे बोलत नसे. कुणी माझ्या पोटात मोटार बसवली, कुणी दिवे. सगळ्यांत शेवटी एक बाई आल्या. त्यांचे काम एकच, माझा डोळा बसवणे. डोळा म्हणजे हरभऱ्याएवढी काच आणि तिच्यामागचा बारीक लाल किरण. त्यांनी तो मऊ कापडाने पुसला, वाकून आत पाहिले आणि पुटपुटल्या, "नीट बघत जा गं बाई. तुझ्या बघण्यावर कुणाचं तरी सगळं अवलंबून आहे." माझ्याशी बोललेले ते पहिले माणूस. त्यांचा चेहरा मला ठाऊक नाही. फडक्याच्या वरचे दोन डोळे तेवढे आठवतात.

मग खोका, खिळे, अंधार आणि पुष्कळ हादरे. खोका उघडला तेव्हा मी एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होते. दोन आरामखुर्च्या, हात धुण्याचे भांडे, भिंतीवर घड्याळ आणि खिडकीला जाड तपकिरी पडदा. खिडकीखाली मागची गल्ली होती. तिथले सायकलींचे, भांडणांचे, हाका मारण्याचे आवाज वर येत. पण तो पडदा दिवसा कधीच उघडत नसे. का, ते सांगते.

माझे काम असे. रुग्णाच्या हातातून रक्त नळीने माझ्याकडे येई. माझ्या पोटात एक वाटी गरगर फिरे. फिरता फिरता जड तांबड्या पेशी कडेला जात, पिवळसर पाणी आत राही आणि दोघांच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ थर धरे. दूध तापवून निवू दिले की साय धरते ना, अगदी तसा. तेवढाच थर ओळखून वेचणे, हे माझ्या डोळ्याचे काम. त्या वेचलेल्या पेशींत एक औषध मिसळत आणि मग त्या माझ्या निळसर दिव्यांमधून हळूहळू जात. उन्हात जो न दिसणारा उजेड दडलेला असतो, त्यातलाच तो एक वाटा. उजेड पिऊन झाला की पेशी पुन्हा ज्याच्या त्याच्या अंगात. मात्र त्या औषधामुळे पुढे दुसऱ्या दिवसापर्यंत रुग्णाला ऊन सोसत नसे. काळा चष्मा लावायचा, अंग झाकून घ्यायचे, पडद्याआड बसायचे. म्हणून तो तपकिरी पडदा. इतकी वर्षे मी उजेडाचे काम केले, पण ऊन कसे असते ते मला ठाऊक नव्हते.

नळीला जरा पीळ पडला, हात जरा हलला, की मी मोठ्याने शिट्टी घाले. पहिल्याच आठवड्यात मोठ्या सिस्टर वैतागल्या. त्या खोलीच्या मालकीण त्याच. त्यांनी माझे आवाज बंद करायचे पिवळे बटण दाबले आणि म्हणाल्या, "ही म्हणजे आमच्या घरची आत्याबाईच. जरा मनाविरुद्ध झालं की लागली बोंबलायला!" फरशी पुसणाऱ्या मावशी हसल्या. तेव्हापासून मी आत्याबाई झाले, आणि स्वतःला बाईच समजू लागले. सिस्टर नावे ठेवत, पण रोज सकाळी पहिले काम म्हणजे मऊ कापडाने माझा डोळा पुसत. त्यांना कुणी ते शिकवले नव्हते.

पुष्कळ माणसे आली. त्यांतली एकच गोष्ट सांगते, कारण ती जुनी झाली तरी माझ्या मनातून गेलेली नाही.

बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. तिचे रक्तच आजारले होते, म्हणून तिला तिच्या दादाचा मगज, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा गर, दिला होता. महिनोन्‌महिने ती एका काचेच्या खोलीत एकटी राहिली, वाचली, घरी गेली. आणि मग दादाच्या पेशी तिच्या अंगावरच उठल्या. नव्या घरात आलेल्या पाहुण्याने घरच्यांनाच चोर समजावे, तसे. तिची कातडी ताठ होत गेली. बोटे मिटेनात. तोंड चमच्यापुरतेही उघडेना.

दादा तिला शिट्टी म्हणे. कारण आजारापूर्वी ही मुलगी ओठांचा चंबू करून अशी शिट्टी घाली की चार घरांपलीकडची कुत्री उठून बसत. दोघा भावंडांची खूण ठरलेली होती, दोन आखूड आणि एक लांब. दादा गल्लीतून घाली, ही वरून उत्तर देई.

आता माझ्या खुर्चीत बसल्यावरही खालून दादाची शिट्टी येई. काही आणायला गेला की मुद्दाम घालायचाच. ती ओठ जुळवायला बघे. नुसती हवा. फू.

"अगं, राहू दे," आई म्हणे. "आपसूक येईल."

"आपसूक मांजर येतं, शिट्टी नाही येत," ती म्हणे आणि पुन्हा फू करी.

एकदा तिने माझ्या दिव्यांच्या झाकणावर हात ठेवला. म्हणाली, "सिस्टर, मी उन्हात जायचं नाही आणि माझ्या रक्तानं मात्र खुशाल ऊन खात बसायचं. हा कुठला न्याय?"

"तुझ्यातले भांडखोर तेवढे उन्हात बसवतोय," सिस्टर म्हणाल्या. "जरा निवले की शहाणे होऊन परत येतात. नेमके कसे निवतात, ते डॉक्टरांनाही पुरतं उमगलेलं नाही, पण निवतात खरे."

"भांडखोर म्हणजे दादाचेच ना?"

दादा दारातच उभा होता. तो आल्या पावली बाहेर गेला. त्याच्या मनात काय होते, ते आम्हाला पुढे कळले.

काही महिने झाले. फरक पडत होता, पण नखाएवढा. डॉक्टर तिची बोटे वाकवून पाहत आणि कागदावर काहीतरी खरडत. एके दिवशी ते आईला म्हणाले, "अजून थोडे दिवस बघू. या यंत्रावरची उपचाराची एकही पाळी चुकवू नका. बोटं आणि तोंड असंच राहिलं, तर हे थांबवून कडक औषधं द्यावी लागतील."

"म्हणजे पुन्हा काचेची खोली?" मुलीने विचारले.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले नाही. तेवढ्यावरून ती समजली.

आणि त्याच्या पुढच्याच पाळीला ते घडले. वाटी फिरू लागली. तांबडे कडेला गेले. मी डोळा लावून बसले, आता साय दिसेल, आता दिसेल. पण समोर सगळे पांढुरके धुके. थर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, काही कळेना. माझ्या बघण्यावर कुणाचे तरी सगळे अवलंबून आहे, हे मला जन्मापासून सांगितलेले. आंधळेपणाने वेचण्यापेक्षा ओरडलेले बरे, म्हणून मी बोंब ठोकली. सिस्टरनी नळ्या पाहिल्या, हात सरळ केला, पुन्हा सुरू केले. पुन्हा धुके, पुन्हा बोंब. शेवटी तिचे रक्त तिला परत देऊन पाळी तशीच सोडावी लागली.

डॉक्टर आले. "यंत्रच दमलंय हो," ते म्हणाले. "नवीन मागवू या."

मित्रांनो, रागाने कुणी आत्याबाई म्हटले तर मला कधी लागले नाही. पण "दमलंय" हा शब्द लागला.

मोठ्या सिस्टर मात्र माझी बाजू सोडायला तयार नव्हत्या. "सकाळीच डोळा पुसलाय हिचा. ही खोटं ओरडत नाही." त्यांनी पिवळसर पाण्याची पिशवी दिव्यासमोर धरली. ते पिवळसर नव्हतेच. दुधात चुना कालवावा तसे दिसत होते.

सिस्टर वळल्या. "सकाळी काय खाल्लंस गं?"

"काही नाही." मुलगी घड्याळाकडे बघू लागली.

"कालपासून मी हिला कोरडं फुलक्यासारखं ठेवलंय हो सिस्टर," आई म्हणाली. "तुपाचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. तुम्ही सांगितलंत तस्संच."

"मग हे लोणी कुठून आलं रक्तात?"

दाराशी दादा उभा होता. मिसरूड फुटलेला उंच मुलगा, पण आवाज लहान मुलासारखा आला. "साय. वाटीभर. साखर घालून."

आईचा हात उगारलेला तसाच राहिला. "अरे, अक्कल गहाण टाकलीस का? पथ्य म्हणून सांगितलंय ना!"

"तिला काही चावता येत नाही, आई. साय नुसती घशाखाली उतरते. वजन बघ तिचं." त्याने नाक पुसले. "माझ्याच पेशी तिला खातायत. मग मी तिला काहीच खाऊ घालायचं नाही का?"

मावशींचे फडके हातातून बादलीत पडले.

मग शिट्टीच म्हणाली, "मी मागितली होती. तो नाहीच म्हणत होता." ते खोटे होते, हे सगळ्यांना कळले, आणि कुणी तिला खोटे पाडले नाही.

सिस्टर दादाजवळ गेल्या. "वेड्या, मी आत्याबाईला सांगते, साय शोध. आणि तू पोटातून सायीचं पातेलं पाठवलंस. तिला दिसायचं कसं?" दादा रडता रडता हसला. सिस्टर हळू आवाजात पुढे म्हणाल्या, "आणि एक ऐक. तुझ्या पेशी भांडतायत कारण त्या जिवंत आहेत, जोमदार आहेत. ही आज खुर्चीत बसलीय तीसुद्धा त्यांच्याच जिवावर. पुन्हा त्यांना नावं ठेवायची नाहीत."

डॉक्टरांनी जाता जाता माझ्या झाकणावर दोन बोटे टेकवली. माफी मागण्याची ती त्यांची रीत असावी. नव्या यंत्राची गोष्ट तेव्हापुरती मागे पडली. चुकलेली पाळी त्यांनी दोन दिवसांनी घेतली. त्या दिवशी दादाने बहिणीच्या न्याहरीवर पहारा केला. तिच्या वाटीत बिनतुपाची पातळ पेज आणि त्याच्याही वाटीत तेवढीच.

दिवस गेले. तिची करंगळी आधी वाकली. मग पेन्सिल धरता येऊ लागली. तोंड थोडे उघडू लागले, चमचा आत जाऊ लागला. डॉक्टर आता बोटे पाहिल्यावर तिच्याशी थट्टा करत. पण शिट्टी काही येईना. खालून दोन आखूड, एक लांब, आणि वर फू.

मग एका दुपारी पाळी सुरू होती. दिवे लागलेले, पेशी उजेडात चाललेल्या, सारे सुरळीत. आणि खोलीत कर्कश शिट्टी घुमली.

"सिस्टर, आत्याबाई बोंबलतेय!" मावशी ओरडल्या.

सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी माझे पिवळे बटण दाबले. शिट्टी थांबली नाही. पुन्हा दाबले. एक आखूड, अजून एक आखूड, आणि मग लांबच लांब, थरथरणारी. सिस्टरनी खुर्चीकडे पाहिले. काळ्या चष्म्याच्या खाली ओठांचा इवलासा चंबू होता.

मग खालून उत्तर आले, पण फार वेडेवाकडे. हसणाऱ्या माणसाला शिट्टी घालता येत नाही, मित्रांनो.

त्यानंतर तिच्या पाळ्या विरळ होत गेल्या आणि एक दिवस संपल्या. निघताना ती म्हणाली, "मी येईन हं आत्याबाईला भेटायला."

"अजिबात यायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "या खोलीत पुन्हा पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन. आठवण आली तर गल्लीतून जा."

माझ्या जन्माचे दुखणे ते हेच. माझ्याकडे आलेल्याने परत येऊ नये, हीच माझी कमाई. आणि ज्यांनी परत येऊ नये, त्यांचीच वाट पाहायची खोड मला जडली.

पुढे खरोखरच नवे यंत्र आले. सडपातळ, गोड आवाजाचे. त्याला कुणी आत्याबाई म्हणणार नाही. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, त्या दिवशी त्यांनी शेवटचे एकदा माझा डोळा पुसला आणि म्हणाल्या, "चल बाई, सुटलो दोघी." त्या सुटल्या. मला तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत आणून ठेवले. मोडक्या खुर्च्या, गंजलेल्या खाटा आणि मी.

या खोलीच्या खिडकीला पडदा नाही. इथे मी पहिल्यांदा ऊन पाहिले. ते पिवळे असते, हे मला कुणी सांगितलेच नव्हते. ते सकाळी खाटांवर असते, दुपारी माझ्या अंगावर येते आणि माझ्या पांढऱ्या रंगाला हळूहळू सायीचा रंग देऊन जाते. ते अंगावर आले की वाटते, आत्ता ती मुलगी कुठल्या उन्हात असेल?

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी पडद्याआड बसले असेल, तर त्याच्याजवळ बसा. प्रेमाने काही भरवायच्या आधी एकदा विचारा. बरे झालात की मागे वळून येऊ नका, पण गल्लीतून जाताना एवढे कळवा की तुम्ही चालता आहात. आणि कोपऱ्यात एखादे जुने यंत्र दिसले, तर त्याच्यावर छत्री ठेवण्याआधी त्याचा डोळा पुसा. त्याने कुणाला तरी नीट पाहिलेले असते.

परवा दुपारी मावशी खुर्ची न्यायला आल्या. त्याही आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. इतक्यात खिडकीबाहेर गल्लीत शिट्टी वाजली. दोन आखूड, एक लांब. स्वच्छ, भरदार, मोठ्या बाईची. थोड्या अंतरावरून जाड शिट्टीचे उत्तर आले आणि दोन्ही आवाज बोलत, हसत पुढे निघून गेले.

मावशींनी खुर्ची खाली ठेवली. लगबगीने माझ्याकडे आल्या आणि सवयीने माझे पिवळे बटण दाबले. माझी तार भिंतीत नाही, हे त्या विसरल्या होत्या. क्षणभर मीही विसरले.