लॉरेन्सचं उत्तर

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. एसटी आली तर आली, नाहीतर पायपीट. तिथं ख्रिस्ती घरं पाचच उरली होती आणि त्यांचं देऊळ म्हणजे क्रूस लावलेली पत्र्याची एक खोली. देऊळ संत लॉरेन्सच्या नावाचं, म्हणून दहा ऑगस्ट हा त्यांचा सण. त्या दिवशी फादर जुन्नरहून मोटारसायकलवर येत, ते पुन्हा थेट नाताळालाच.

सणाला मिस्सेआधी, म्हणजे फादरांच्या उपासनेआधी, भिका मास्तरांनी संताची गोष्ट सांगायची, ही जुनी रीत. मास्तर शाळेचे नव्हेत, पोरांना धर्मपाठ शिकवणारे. रोमच्या राजानं लॉरेन्सला लोखंडी जाळीवर निजवून खाली निखारे घातले, इथवर गोष्ट आली की मास्तर थांबून विचारत, "मग लॉरेन्स काय म्हणाला?" आणि लहानथोर एका सुरात ओरडत, "एक कूस भाजली, आता पलटा!" मग खोलीभर हसू. वाडीत पोराचं बोट भाजलं तरी त्याला हेच ऐकवत आणि रडणं थांबवत.

दुसरी रीत मिस्सेतली आणि रविवारच्या प्रार्थनेतली. मृतांचं स्मरण आलं की ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानंच उभं राहून नाव घ्यायचं, दुसऱ्यानं नाही.

उन्हाळ्यात साळुबाईचा गोकुळ गेला. मंचरजवळ हमरस्त्यावरच्या ढाब्यात तो रोट्या भाजायचा. गॅसचा भडका उडाला, आणि पुण्याच्या दवाखान्यात आठवडाभर तळमळून तो गेला. माती झाल्यापासून साळुबाईनं देवळात त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. रविवारच्या प्रार्थनेला मास्तर तिच्याकडे बघत, ती भुईकडे. दुःखानं तोंड फुटत नसेल, असं मास्तरांना वाटे. आज फादरांसमोर तरी तिनं पोराचं नाव घ्यावं, एवढाच ध्यास घेऊन ते सणाला आले होते. गोकुळला धर्मपाठ त्यांनीच दिला होता.

आज जाळीचं नावच काढायचं नाही, हेही त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"मास्तर, यंदा रोमला बिगीबिगी पोचवा," कुशाबाई म्हणाली. "गेल्या साली तुमी येशीपातुर आला तवर कालवण गार झालं व्हतं."

"तुझं ध्यान कालवणातच," कुणीतरी म्हणालं.

मास्तर हसले आणि सुरू झाले. राजानं देवळाचा खजिना मागितला तेव्हा लॉरेन्सनं आंधळे, पांगळे, विधवा गोळा करून त्याच्यापुढं उभे केले, हा भाग त्यांनी ताणता येईल तेवढा ताणला. "हाच देवळाचा खजिना, असं तो म्हणाला," असं सांगून त्यांनी हात जोडले. "संत लॉरेन्स, आमच्यासाठी विनंती कर."

"मास्तर," बायकांतून साळुबाई म्हणाली, "जाळी ऱ्हायली की."

मास्तरांनी जोडलेले हात सोडले.

"यंदा एवढंच पुरे, साळुबाई."

"का बरं? सांगा की. सण हाय."

मास्तरांनी सांगितलं. चार वाक्यांत, मान खाली घालून. आणि शेवटी सवयीनं त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, "मग लॉरेन्स काय म्हणाला?"

कुणी ब्र काढला नाही. कुशाबाईनं पदर तोंडाला लावला.

"एक कूस भाजली, आता पलटा," साळुबाई म्हणाली. नीट, स्वच्छ, एकटीच.

फादर झगा चढवत होते, तेवढ्यात मास्तर तिच्यामागं पडवीत गेले.

"साळुबाई, आज गोकुळचं नाव घे. फादर आता नाताळापर्यंत यायचे नाहीत."

"न्हाई घ्यायची."

"अगं, पण का?"

तिनं पावसाकडे तोंड फिरवलं. "मास्तर, त्यो लई वरडला. नर्सबाया कानावर हात ठेवायच्या. देवाचं नाव न्हाई, मरियामाऊलीचं न्हाई. नुसतं आई, पानी. मी म्हनलं, बाळा, लॉरेन्सबाबाचं ध्यान कर. तर मला शिव्या दिल्या त्यानं." तिनं नाक पुसलं. "ज्याच्या देवळात वाढला त्यानं हसून सोसलं. आन ह्याला आठ दिस बी निभावलं न्हाई. कुठल्या तोंडानं लॉरेन्सबाबाम्होरं नाव घिऊ?"

हे मास्तरांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"लॉरेन्सही ओरडला असेल, साळुबाई," ते कसेबसे म्हणाले. "माणूसच होता तो. आग सगळ्यांना सारखीच."

"तुमी व्हता तिथं?"

"नाही."

"मी व्हते गोकुळपाशी." ती त्यांच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, कीवच होती. "मी परकरी पोर व्हते तवापसनं हीच गोष्ट ऐकतीय मी. आज माझ्यासाठी फिरवू नका. फिरवली तर मंग काय ऱ्हातंय आपल्यापाशी?"

आत घंटी वाजली आणि दोघं आत गेली.

मिस्सा रीतीप्रमाणे पुढं सरकली. "आता आपल्या मृतांचं स्मरण करू," फादर म्हणाले. "नावं घ्या."

कुशाबाईनं उठून सासऱ्याचं नाव घेतलं. मागून एकानं भावाचं घेतलं. मग कुणीच उठेना. पत्र्यावर पाऊस तडतडत होता. साळुबाई हात जोडून बसली होती, ओठ मिटलेले. मास्तरांना राहवलं नाही. रीत गेली उडत, असं मनाशी म्हणून त्यांनी गुडघ्यावर हात रोवला आणि ते अर्धवट उठले. तशी तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. एकदाच. मास्तर खाली बसले.

फादरांना वाटलं, नावं संपली.

"आणि ज्यांची आठवण काढणारं मागं कुणीच उरलं नाही, अशा सर्व मृतांसाठी," ते म्हणाले.

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," सगळे म्हणाले. त्यांच्याबरोबर साळुबाईही म्हणाली.