आधी उडी

हॉस्पिटलच्या महिला व्हॉलीबॉल संघात सगळ्या तिला वहिनीच म्हणत, कारण संघाची सेटर, म्हणजे बॉल उचलून देणारी, तिची सख्खी नणंद होती. वहिनी लॉन्ड्रीत कामाला, नणंद औषधांच्या खिडकीवर. वहिनीचा नवरा, नणंदेचा धाकटा भाऊ, गेल्या वर्षी वारला. त्यानंतर घर एकच राहिलं, बोलणं मात्र ‘दूध आलं’, ‘किल्ली ठेवलीय’ एवढ्यावर आलं.

वहिनी ताडमाड उंच, म्हणून कोच मॅडम तिला मध्ये खेळवत. पण तिचा फटका दर वेळी उशिरा, थेट समोरच्या ब्लॉकच्या, म्हणजे अडवायला वर आलेल्या हातांत.

“तू बॉल बघून उडतेस,” मॅडम म्हणाल्या. “बाजूच्या पोरींना ते चालतं. मधलीनं आधी उडायचं. सेटरच्या हातात बॉल येतो तेव्हा तू हवेत पाहिजेस, हात मागे ओढलेला.”

“आणि बॉल आलाच नाही तर?”

“तर उडी फुकट. पण समोरची तुझ्याबरोबर वर गेली, की आपली बाजू मोकळी.”

मॅडमनी स्वतः बॉल उचलून दिले, तेव्हा वहिनीनं असे हाणले की जाळीपलीकडच्या मुली मागे सरकल्या. मग नणंद आली, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मॅडमनी नणंदेला बाजूला घेतलं. “तिला का देत नाहीस?”

“ती वर नसतेच. देऊ कुणाला?”

वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, “त्या देतच नाहीत. उडू कशाला?”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “अगं, मग माग ना! ओरडून माग. मनातलं कुणाला ऐकू येतं का?”

वहिनी खाली पडलेले बॉल गोळा करू लागली. नवरा गेल्यापासून घरातही तिनं काही मागितलं नव्हतं. घर त्यांचं, भाऊ त्यांचा. आपण नुसत्या उरलेल्या, असं तिला वाटे.

पुढच्या सामन्यात ती मॅडमच्या सांगण्याप्रमाणे उडत राहिली, पण बॉल मागितला नाही. बॉल तिला चुकवून बाजूला जाई, गुण मिळे, सगळ्या त्या मुलीला मिठी मारत. वहिनी धापा टाकत जाळीपाशी एकटीच. शेवटच्या डावात पास अगदी नणंदेच्या डोक्यावर आला. वहिनी धावली, उडाली आणि किंचाळली, “वन्सं, द्या!”

पंचालाही हसू फुटलं. पण बॉल आला, कमी उंचीवरून, वेगानं, नेमका तळहातावर. तिनं मनगट वळवून तो मोकळ्या जागेत आपटला. नणंदेनं तिच्या खांद्याला जेमतेम हात लावला आणि ती आपल्या जागेवर गेली.

सामना त्या हरल्याच. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, दुसरी जागा नव्हती म्हणून. नणंद खिडकीतून बाहेर बघत होती.

“तोही शाळेत मध्येच खेळायचा,” ती म्हणाली. “घसा फोडून बॉल मागायचा.”

नवऱ्याबद्दल हे वहिनीला ठाऊक नव्हतं. तिला पुढचं विचारायचं होतं, पण नणंदेनं तोंड पुन्हा खिडकीकडे फिरवलं होतं.

घरी दोघी आपापल्या खोलीत गेल्या. झोपताना वहिनीनं दार लावलं नाही. समोरचं नणंदेचं दारही उघडंच होतं. कुणी उठून आलं मात्र नाही.