पुण्याकडे तोंड करून

मी आप्पासाहेबांच्या माळवदावरचा अँटेना बोलतोय. खाली ओसरीत टीव्ही भाव खायचा, ऊनवारा मात्र माझ्या वाट्याला यायचा. चौऱ्याहत्तर साली पुण्याहून एसटीच्या टपावर बसून मी पारनेरच्या या पठारावर आलो. उंच बांबूला बांधून मंडळींनी माझं तोंड पुण्याकडे केलं.

दर गुरुवारी संध्याकाळी गुप्तहेराची मालिका लागायची आणि सगळं गाव ओसरीत लोटायचं. भाषा निम्म्यांना कळत नसे, पण खुनी कोण ते सगळ्यांना कळायला हवं! वाऱ्यानं चित्र हलू नये म्हणून घरचा म्हातारा गडी भीमा माझा बांबू धरून उभा राही.

"आलं का?"

"आलं, आलं!" खालून ओरडा होई.

त्या बिचाऱ्यानं चित्र एकदाही पाहिलं नाही. मीही नाही. आम्ही दोघं आपलं गाव बघत बसायचो.

त्या गुरुवारी खुन्याचं नाव कळणार होतं. वाटा ओस पडल्या होत्या. आप्पासाहेबांची सून लंकाबाई गर्दी नसते म्हणून त्याच वेळी विहिरीवर जाई. तिच्यामागं तिचा नवरा बन्सी झपाझप निघालेला आम्हाला दिसला. काठावर त्यानं तिचा दंड धरला.

"भाईर या! हिरीवर बगा!" भीमा ओरडला.

"गप ऱ्हा रं! नाव सांगतोय!"

मग भीमानं मला गरकन विहिरीकडे फिरवलं. खाली चित्र गेलं. आता तरी धावतील, असं मला वाटलं. आल्या त्या शिव्या.

काठावर बन्सी एकटाच उरला होता. त्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं.

सकाळी गाव म्हणालं, पाय घसरला. भीमा फौजदाराकडे निघाला, तर आप्पासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दिवस होऊ दे तिचं, भीमा. मंग मी सोता येतो संगं." पस्तीस वर्षं त्या घरचं मीठ खाल्लेला माणूस तो, थांबला.

पुढच्या गुरुवारी नवी गोष्ट सुरू झाली. घरात सुतक होतं, तरी ओसरी पुन्हा भरली.

"आलं का?"

"आलं, आलं!"

तेवढ्यात मागे शिडी करकरली. बन्सी वर आला. भीमानं मला घट्ट धरलं, पण बन्सीच्या धक्क्यापुढं माझा बांबू किती टिकणार! दोघंही अंगणात कोसळलो.

गाव म्हणालं, भीमाचाही पाय घसरला.

आता मी मोडून गोठ्यामागे पडलोय. माळवदावर नवा अँटेना आहे, नवा गडी आहे. बाबांनो, एवढंच मागतो. वरून कुणी हाक मारली, तर खुन्याचं नाव राहू द्या, आधी बाहेर या.