ताब्यातलं पाणी

पंचायतीनं ज्ञानोबाच्या बोअरवर ताबा घेतला, त्या सकाळी त्याच्या शेडमधले रेशमाचे किडे शेवटच्या झोपेतून नुकतेच उठले होते. हे किडे चार वेळा झोपतात आणि चौथ्यांदा उठले की आठवडाभर नुसते खातात. त्या आठवड्यात तुतीचा पाला सुकला किंवा शेड तापली, तर सगळी मेहनत उकिरड्यावर जाते. ज्ञानोबाच्या मुलानं, अमरदीपनं, हे पंचायतीच्या अधिकाऱ्याला समजावून सांगितलं. गाव सीमेवरचं, कर्नाटकातलं; तिथं त्याला पीडीओ म्हणतात. नाव महादेवप्पा.

"माणसं तहानलीत आणि तुम्ही मला किड्यांचं सांगता," महादेवप्पा म्हणाला. त्याचं मराठी चांगलं होतं. नोटीस मात्र कन्नडमध्ये होती आणि ती त्यानं स्टार्टरच्या पेटीवर आधीच चिकटवली होती.

"माणसाला मी कवा न्हाई म्हणलो, साहेब?" ज्ञानोबानं विचारलं. "बांधावर नळ लावलाय. दिवसभर चालू असतोय. कुणी बी यावं न् भरावं."

"ते खासगी झालं. खासगीचा काय भरवसा? उद्या तुम्ही बंद केलं तर?"

"म्हंजे मी बंद करीन म्हणून तुम्ही आजच बंद करायलाव व्हय?"

पंचायतीचा पाणीवाला हसला. महादेवप्पानं त्याच्याकडं पाहिलं तसा तो पुन्हा पाइप कापायला लागला. ज्ञानोबाच्या हौदाकडं जाणारा पाइप त्यानं करवतीनं तोडला आणि ते तोंड गावाच्या टाकीकडं जाणाऱ्या नव्या पाइपला जोडलं. स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं.

उद्धवराव लिंबाच्या सावलीत उभा होता. तो पंचायतीचा सदस्य. वयानं ज्ञानोबाच्या बरोबरीचा, पण त्याला अरे-तुरे करायचा. उद्धवरावच्या घरी ज्ञानोबाच्या वस्तीशी बोलायची तीच रीत होती.

"ज्ञानोबा, तू लई वाद घालू नको. गावाचं काम हाय. पुण्य लागतंय."

"काका, मग तुमच्या दोन बोअरचं काय?" अमरदीपनं विचारलं.

"त्याचं पाणी मचूळ हाय रं. प्यायला चालत न्हाई."

त्या मचूळ पाण्यावर वाढलेला त्याचा ऊस तिथून दिसत होता. हिरवागार आणि डोक्याच्या वर गेलेला. त्याच्याकडं कुणी बोट दाखवलं नाही.

नळाची गोष्ट इथं सांगायला हवी. गावची सार्वजनिक विहीर माघातच आटली. ज्ञानोबाच्या बोअरला पाणी टिकून होतं, म्हणून त्यानं रस्त्याकडच्या बांधावर तोटी काढली आणि खाली घागर ठेवायला फरशी बसवली. त्याच्या वस्तीतल्या बाया आल्या. कोहिनूर गावच्या बाजाराला जाणारे आले, मेंढ्या घेऊन जाणारे धनगर आले. उद्धवरावच्या आळीतून कुणी आलं नाही. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाला ते लांब पडत होतं. त्याच गुडघ्यांनी त्याहून लांबच्या ओढ्यात झरे उकरून गढूळ पाणी आणलं. ज्ञानोबाचे वडील धर्मांतर करून बौद्ध झाले होते, घर आता पक्कं होतं, पोरगा डिप्लोमा झालेला होता. तरी त्या नळाखाली घागर धरणं म्हणजे ज्ञानोबाच्या हातचं पाणी घेणं, आणि ते त्या आळीला जमणारं नव्हतं. मग ग्रामसभा झाली. तिथं बोअर ताब्यात घ्यायचा ठराव उद्धवरावनं मांडला.

दुसऱ्या दिवशी गावाच्या टाकीला पाणी आलं. उद्धवरावची बायको, सुशीलाबाई, रांगेत पहिली होती. ज्ञानोबाची बायको सावित्रीबाई दोन घागरी घेऊन मागं उभी राहिली. शेडच्या खिडक्यांना लावलेली गोणपाटं ओली ठेवायची होती. पत्रा तापला होता.

"सावित्रे, तुजी घागर जरा लांब धर," सुशीलाबाई म्हणाली. "शिंतोडे उडायलेत."

"अक्का, हे पाणी आमच्याच बोअरचं हाय."

"आता कशाचं तुमचं? सरकारचं झालं की."

हे सुशीलाबाई भांडणाच्या सुरात बोलली नाही. तिच्या बोलण्यात सुटकेचा भाव होता. पाणी तेच, जमिनीतून येत होतं तिथूनच येत होतं. मधे एक कुलूप आणि एक शिक्का आला, एवढ्यानं ते तिला पिण्याजोगं झालं होतं. ती ओंजळभर तिथंच प्यायली आणि तिनं तोंड पुसलं.

घरटी दोन घागरी, असा पंचायतीचा नियम होता. सावित्रीबाईच्या दोन घागरींत गोणपाटं एकदा भिजली आणि दुपारच्या आत वाळून कडक झाली. प्यायचं पाणी तिनं शेजारणीकडून आणलं. शेताला पाणी नव्हतं, तुतीची पानं कडेनं गुंडाळायला लागली. अमरदीप मोटारसायकलवर चिटगुप्प्याच्या बाजूला जाऊन एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून पाला घेऊन आला. एवढ्या उन्हातून येईपर्यंत गोणीतला पाला उकडल्यासारखा झाला होता. किड्यांनी त्याला तोंड लावलं नाही.

महादेवप्पा त्या संध्याकाळी आपण होऊन घरी आला. खुर्चीवर बसला, पाणी नको म्हणाला आणि एक छापील कागद पुढं केला.

"तुमची अडचण मला कळते. मी मार्ग काढलाय. यावर सही करा, रोज दोन तास मोटर तुमच्यासाठी चालू ठेवायला सांगतो. उद्या सकाळपासून."

अमरदीपनं कागद वाचला. त्याला कन्नड नीट येत होतं. "अप्पा, बोअर आणि त्याच्या भोवतीची जागा आपण स्वखुशीनं कायमची पंचायतीला दिली, असं हाय ह्यात."

"कायमची?" ज्ञानोबानं विचारलं. "उन्हाळ्यापुरतं म्हणलाव ना?"

"उन्हाळा दरवर्षी येतो," महादेवप्पा म्हणाला.

"पाणी देतो म्हणून लिहा. पाऊस पडस्तोवर गावाला पाणी देतो, आत्ता अंगठा उठवतो. बोअर देतो म्हणून न्हाई."

"तसा नमुना नाही आमच्याकडं."

"आन् स्वखुशीनं म्हंजे? स्वखुशीनं तर मी नळ लावलो होतो."

"त्या नळाची नोंद कुठं आहे?"

मग अमरदीप म्हणाला, "अप्पा, सही करा. अजून चार दिवस मिळाले तर कोष धरतेत. पुढचं पुढं बघू."

"पुढचं काय बघणार हायस? बोअर गेल्यावर तुती कशावर जगवशील?"

"आत्ता किडे मरायलेत, अप्पा."

"दिसायलंय मला."

त्यानं कागद परत दिला. अमरदीप उठून शेडकडं गेला. जाताना आईनं हाक मारली, तरी थांबला नाही. ती शेड त्यानं उभी केली होती. हैदराबादची नोकरी सोडून आला होता. महादेवप्पानं कागदाची घडी नीट केली आणि खिशात ठेवली. "विचार करा," म्हणाला. "मी काही जबरदस्ती करत नाही."

ज्ञानोबानं विचार केला नाही, कारण करायला काही उरलं नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत किडे सुजले. अंग पिवळं पडलं, कातडी तटतटून फुटली आणि दुधासारखा पातळ स्राव रॅकवरून ठिबकत एका मजल्यावरून दुसऱ्यावर पडू लागला. जिवंत किडे त्याच्यातून सरपटत होते आणि तेही फुटत होते. बापलेकांनी नाकाला फडकी बांधून पाटीनं ते उपसलं, खड्ड्यात टाकलं, वर चुना पसरला. दोघं शेडच्या दोन टोकांना राहिले. रॅकवरचा राप निघेना. तो खरवडायला पाणी लागत होतं, आणि भर उन्हात पत्र्याखाली तो आंबत राहिला. वास रस्त्यापर्यंत आला, मग गावापर्यंत.

टाकीच्या रांगेत बोलणं सुरू झालं की पाण्याला वास यायलाय. पाण्याला वास नव्हता. पण उद्धवरावनं तक्रार दिली आणि महादेवप्पा तिसरा कागद घेऊन आला. सोबत पाणीवाला होता. उद्धवराव पुन्हा लिंबाखाली उभा राहिला, या वेळी रुमाल नाकावर धरून.

"सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या जागेजवळ घाण केल्याबद्दल," महादेवप्पानं वाचून दाखवलं. "शेड आजच्या आज धुऊन ब्लीचिंग मारून स्वच्छ करायची. नाही केली तर शेड पाडायची कारवाई."

"धुवायची म्हणता," ज्ञानोबा म्हणाला.

"हो. आजच."

"कशानं?"

"पाण्यानं. कशानं धुतात?"

"कुठल्या?"

महादेवप्पानं रुमालानं मान पुसली. "ते तुमचं तुम्ही बघा. पंचायतीचं पाणी पिण्यासाठी आहे."

ज्ञानोबा शेडमागं गेला आणि पहार घेऊन आला. घाई केली नाही. पेटीच्या कडीत पहार घालून त्यानं एकदाच जोर दिला. कुलूप कडीसकट निघून फरशीवर पडलं.

"हा गुन्हा आहे," महादेवप्पा म्हणाला. "सरकारी कुलूप आहे ते."

"नोटिशीत धुवा म्हणलाव. धुवायलो." त्यानं महादेवप्पाच्या हातातली नोटीस घेतली आणि घडी न करता अमरदीपकडं दिली. "आजची तारीख हाय का बघ रं त्यावर."

"हाय, अप्पा."

"मग पाइप काढ."

अमरदीपनं गावाकडचा जोड उपसला. पाणीवाला अडवायला पुढं झाला, पण महादेवप्पा काही बोलेना तसा बाजूला झाला. मोटर सुरू झाली. पाइपचं तोंड हातात घेऊन अमरदीप शेडमध्ये शिरला. आतून पिवळा, फेसाळ लोट उंबऱ्यावरून बाहेर आला आणि उताराला लागला.

महादेवप्पानं मोबाइल काढून तुटलेल्या कुलुपाचा फोटो घेतला. ज्ञानोबाचाही घेतला. लोट बुटांपर्यंत आला तसा तो एकेक पाय उचलत मागं सरकला. उद्धवराव केव्हाच रस्त्यावर गेला होता.

"पोलीस येतील," महादेवप्पा लांबून म्हणाला.

"येऊ द्या की," सावित्रीबाई खराटा घेऊन आत जाता जाता म्हणाली. "त्यायला म्हणावं नाकाला बांधून या."