घरचं शेत

लग्न होऊन आली त्या वर्षी तेनेंगने नदीकाठच्या दलदलीत कमरेएवढ्या चिखलात उतरून लव्हाळं उपटलं, बांध घातला आणि स्वतःचं भाताचं शेत केलं. त्या काळी गांबिया नदीच्या काठाला रीतच होती. वर कोरड्या रानात पुरुषांचा भुईमूग, खाली पाणथळीत बायकांचा भात. जी चिखल उपसेल तिचं शेत, आणि तिच्यामागे तिच्या लेकीचं. तेनेंगची लेक जालिका त्याच बांधावर खेळत मोठी झाली. आता तिचं लग्न ठरलं होतं, गावातल्याच घरी, आणि शेत तिलाच जाणार हे सगळे धरून चालले होते.

तेवढ्यात प्रकल्पाची माणसं आली. पंप बसणार, कालवे निघणार, वर्षाला दोन पिकं येणार. मात्र त्यासाठी जुने बांध सपाट करायचे आणि जमीन नव्याने आखून वाटायची. बायका तयार होईनात. यंत्र आलं त्या दिवशी म्हातारी म्बालू तर चिलीम पेटवून आपल्या बांधावर बसून राहिली. म्हणाली, आधी मला उचला, मग माती.

सांकुंगने, तेनेंगच्या नवऱ्याने, संध्याकाळी चहा घेता घेता विषय काढला. बांध मोडला तरी शेत तुझंच, वाटपाला मी स्वतः उभा राहून तुझं नाव सांगेन, असं म्हणत त्याने कोलाचं फळ फोडलं आणि अर्धं तिच्या तळहातावर ठेवलं. तिकडे शब्द असाच देतात. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने तिला कधी फसवलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर जाऊन बायकांची समजूत घालू लागली.

म्बालूने विचारलं, "हा शब्द तुझ्या नवऱ्याचा, की तुझा?"

"माझाच धर, आजी."

म्हातारी उठली आणि यंत्राला वाट मोकळी झाली.

वाटप गावातल्या मोठ्या झाडाखाली झालं. पुरुष ओट्यावर, बायका मागे जमिनीवर. प्रकल्पाचा साहेब एकेकाला विचारत होता, शेत कोणाच्या नावे? पहिलाच म्हणाला, घरचं. घरचं म्हणजे राबायचं बायकांनी आणि धान्य पुरुषाच्या कोठारात. दुसराही तेच म्हणाला. सांकुंगची पाळी आली तेव्हा तेनेंग मान उंच करून बसली होती.

"घरचं शेत," तो म्हणाला. "माझं नाव लिहा."

याच साहेबाने बायकांना जमीन तुमचीच राहील असं सांगितलं होतं. त्याने मान वर न करता नाव लिहून घेतलं.

तेनेंग उभी राहिली. "अहो, मला काय सांगितलं होतंत?"

मुखिया हसत म्हणाला, बस गं, घर काय तुझं नाही? ओट्यावर हशा पिकला. सांकुंग खाली उतरून तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "इथे नको. जालिका आता दुसऱ्या घरची. दोन पिकांची जमीन तिच्यामागे कशी पाठवू?"

घरी जाताना एकही बाई तेनेंगशी बोलली नाही. म्बालू तेवढी वळणावर थांबली. "तो बांध माझ्या आजीने घातला होता गं," इतकंच बोलून ती काठी टेकत पुढे गेली.

कालव्यांना पाणी सुटलं, रोपं तयार झाली, पण लावणीला कोणी उतरेना. कोणाची कंबर धरली होती, कोणाचं मूल तापलं होतं. चौथ्या दिवशी सांकुंग दारात येऊन उभा राहिला. मायलेकी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"रोपं पिवळी पडायला लागली," तो म्हणाला. "तू जाऊन सांग त्यांना. तुझं ऐकतात त्या."

"ऐकायच्या," तेनेंग म्हणाली.

तिने पुढची शेंग उचलली. शेवटी त्याने स्वतःच रोपांची पाटी डोक्यावर घेतली आणि खाली निघाला. त्या चिखलात पाय कसा रोवायचा हे त्याला कोणी कधी शिकवलं नव्हतं. तेनेंगनेही सांगितलं नाही.